पाच वर्षांची ताई

घरात दुसरं बाळ आलं की दोन गोष्टींचे ढीग लागतात, दुपट्यांचे आणि किश्श्यांचे. दुपटी निदान वाळतात. किस्से मात्र डोक्यात तसेच ओले राहतात आणि आठवले की मला अजून संताप येतो. आमची थोरली जुई पाच वर्षांची. धाकट्याला घरी आणलं त्या दिवसापासून तिची जी दशा सगळ्यांनी मिळून केली, ती ऐकाच.

*

लिफ्टच्या दारातच समोरच्या काकू भेटल्या. बाळाकडे बघायच्या आधी त्यांनी जुईचा गाल ओढला आणि फर्मान काढलं, "आता तू ताई झालीस. हट्ट करायचा नाही, रडायचं नाही."

अहो, परवापर्यंत हिला वरणभात भरवावा लागत होता! एका दिवसात ही काय नोकरीला लागली? मी टाके सांभाळत उभी होते म्हणून, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगने तिला ताई करून टाकलं. वॉचमनसुद्धा "ताई, सायकल आत घ्या" म्हणायला लागला.

*

मग बाळ बघायला येणारे सुरू झाले. सिन्नरहून चुलत सासूबाई बाळंतविडा घेऊन आल्या. झबली, टोपरी, डिंकाचे लाडू, कशात काही कमी नव्हतं. जुईने पिशवी पार तळापर्यंत तपासली.

सासूबाई हसल्या. "तुला गं काय पाहिजे त्यात? तू आता लय मोठी झाली."

दाराच्या चौकटीवर आम्ही जुईची उंची पेन्सिलने लिहितो. ती तिथे टाच टेकवून उभी राहिली आणि डोक्यावर हात ठेवून बघितलं. उंची तेवढीच होती. रागाच्या भरात मी एकामागून एक दोन लाडू खाल्ले. लाडू चांगले होते, ते नाकारत नाही.

*

बाळाला तेल लावायला एक आजी यायच्या. एकदा त्यांनी बाळाला उचललं, तर शेजारी चटईवर जुई फ्रॉक काढून, डोळे मिटून पडलेली. नंबर लावून!

आजी म्हणाल्या, घोडी झालीस, ऊठ. माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं की तिलाही चोळा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. आजींनी नाक मुरडून तिच्या एका पायाला तेल लावलं आणि त्या निघून गेल्या. जुई दिवसभर प्रत्येकाला तोच पाय दाखवत होती.

*

परके परवडले, पण आमचे हे! सातपूरहून शिफ्ट संपवून आले की हात धुवून थेट बाळापाशी. वर ऑर्डरी सुरू. ताई डायपर आण, ताई रुमाल दे, ताई टीव्ही बारीक कर.

एक दिवस मी फुटलेच. "पोरगी आहे की शिपाई?"

त्यावर ह्यांनी मोबाईल पुढे केला. कुठल्याशा बाईंनी व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, मोठ्या मुलाला कामात सामील करून घ्यावं. मी त्या बाईंचा, व्हिडिओचा आणि ह्यांचा यथेच्छ उद्धार केला आणि तावातावाने आंघोळीला गेले.

दहा मिनिटांनी बाथरूममधून मीच ओरडले, "ताई, टॉवेल!"

टॉवेल आला. बाहेर ह्यांनी टीव्ही स्वतः उठून बारीक केला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

*

सव्वा महिन्याने घरीच बारसं केलं. माझ्या नणंदबाई इगतपुरीहून आल्या होत्या. आत्याचा मान त्यांचा. पाळण्यात वाकून त्यांनी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. मग सगळे "ईशान, ईशान" करत बाळाभोवती जमले. फोटो झाले, पंगत बसली.

नणंदबाई दमून खुर्चीत टेकल्या होत्या. जुई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने केस कानामागे सारले आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"आत्या, आता माझं."

नणंदबाईंनी तिला जवळ ओढलं. "वेडाबाई, तुझं बारसं केव्हाच झालं. मीच सांगितलं होतं ना तुझ्या कानात, जुई म्हणून."

जुईने कान तसाच धरून ठेवला.

"मग कुणी म्हणत का नाही?"