सावकाशमामांनी गाडी दामटली

सावकाशमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दुसऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, चाकाच्या खुर्चीतल्या पेशंटना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत आणून सोडायचं, हा त्यांचा धंदा. गाडी अशी चालवायचे की मागे बसलेल्या आजींच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. माणूस सोन्यासारखा, पण वेग म्हणाल तर सायकलवाल्यानं हसत मागे टाकावं!

आणि या सावकाशपणानंच घात केला. डिझेलच्या गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली तापून पळाली, तरच ती काजळी आतल्या आत जळून जाते. मामांची गाडी बापजन्मात पळाली नव्हती. फिल्टर गच्च झाला, समोर पिवळा दिवा लागला, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीची तपासणी. नापास झाली की गाडी दारात आणि पेशंट घरात.

"मामा, आतलं सगळं काढून टाकतो," मेकॅनिक म्हणाला. "वरून डबा तसाच दिसेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मामा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. खुर्ची चढवायची फळी तिथेच, सायलेन्सरचं तोंडही तिथेच.

"छे, छे! आधीच त्यांना श्वास पुरत नाही, त्यात मी धूर पाजू?"

"मग हायवेला घ्या आणि खालच्या गिअरमध्ये दामटा. दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही."

दामटा! मामांना एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून बायकोला म्हणाले, "चल गं सोबतीला." मामी निघाल्या आणि मागचं दार उघडून पेशंटच्या जागी जाऊन बसल्या. या गाडीत त्या आजवर कधी बसल्याच नव्हत्या, बिचाऱ्या.

"अगं, पुढे ये! तू काय पेशंट आहेस?"

हायवेवर इंजिन बोंबलायला लागलं. मामांच्या कपाळावर घाम.

"अहो, तो ट्रक आपल्या पुढे चाललाय."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? घ्या पुढे!"

मामांनी घेतली. मामी चक्क टाळ्या पिटून हसल्या. खिडकी उघडी, केस सगळे विस्कटलेले. इतकं हसताना मामांनी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या नादात दिवा कधी विझला, दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनिसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला आणि मान डोलावली. मामांनी तिथूनच घरी फोन लावला.

"अगं, पास झाली!"

"बरं झालं बाई." मग मामी हळूच म्हणाल्या, "अहो, तो फिल्टर आता परत कधी भरेल?"

साऱ्या जगाला नेलं-आणलं, आणि हिला साधं कुठे नेलं नाही! स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

"त्याची कशाला वाट बघायची?" ते म्हणाले. "तू तयार होऊन बस. मी निघालोच."