थेंबागणिक फटका

चिमटा सर हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि ते सरांना ठाऊक होतं. रागावणं दूरच, मनातून गडी खूश होता. नवशिक्या सर्जनांना टाके शिकवायचा त्यांचा कोर्स इस्पितळाच्या तळघरात चालायचा. खाटकाकडून डुकराची आतडी यायची. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं आतडं कापून पुन्हा जोडायचं, मग सर त्यात पाणी भरून वर धरायचे. जोड गळला की मेलातच. जितके थेंब तितके फटके, तेही लांब पोलादी चिमट्याने, बोटांच्या सांध्यांवर. इथे हात फुटला तर बरा होतो, तिथे आतडं फुटलं तर माणूस जातो, हे त्यांचं पालुपद.

पहिल्या दिवशी ते आपली वाकडी अनामिका सगळ्यांपुढे नाचवायचे. त्यांच्या सरांनी ती अशीच फोडली होती. "हे माझं सर्टिफिकेट," म्हणायचे.

घरी मात्र हाच माणूस मेणाहून मऊ. लेकीवर कधी आवाज चढवला नाही. लहानपणी तिची नखंसुद्धा स्वतः कापायचे, बायकोच्या हातून कुठे लागेल म्हणून. तीच लेक सर्जन व्हायला निघाली आणि एके सकाळी तळघरात बाकीच्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. आता आली का पंचाईत! सूट द्यावी तर पोरं तोंडात शेण घालतील, न द्यावी तर बापाचा जीव तुटतोय. तिचा जोड चांगला होता हो, पण एक थेंब पडलाच. तिने मुकाट्याने हात टेबलावर ठेवला. हलका मारावा, असं सरांनी ठरवलं होतं. तेवढ्यात मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्यांनी सगळा जोर लावला. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.



संध्याकाळी बायकोने लेकीला घास भरवले, नवऱ्याचं ताट वाढलंच नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं बोट तुमच्या सरांनी मोडलं, हिचं तुम्ही. आता ही कोणाचं मोडणार, तेवढं सांगा."

ते बोलणं सरांच्या डोक्यात रुतून बसलं. चिमटा उचलायचे आणि तसाच खाली ठेवायचे. पोरगी शिकून सवरून सर्जन झाली, तेव्हा त्यांनी कोर्स तिच्याच हवाली केला. हिने तरी कोणाला मारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पण सांगणार कोणत्या तोंडाने? सांगायचं राहूनच गेलं.

लेकीच्या पहिल्या दिवशी ते मागे स्टुलावर बसले. तिने हात वर केला. तिची अनामिका त्यांच्यासारखीच वाकडी जुळली होती. "हे माझं सर्टिफिकेट," ती म्हणाली, आणि सरांनी आपलं वाकडं बोट मुठीत लपवलं.

दुपारी एका किडकिडीत मुलीच्या जोडातून पाणी गळलं. एक थेंब, दुसरा, तिसरा. मुलीने डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. लेकीने चिमटा उचलला. सर धडपडत उठले, स्टूल आडवं झालं, आणि त्यांनी आपला पंजा त्या मुलीच्या हातावर पालथा घातला.

"हात काढा, बाबा."

"नाही काढत. मारायचंय तर मला मार."

लेकीची हनुवटी थरथरली. आता टाकते चिमटा, असं सगळ्यांनाच वाटलं.

फटका नेमका वाकड्या बोटावर बसला. कातडी फाटली, रक्त त्या मुलीच्या हातमोज्यावर ओघळलं. सरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हात त्यांनी काढला नाही. झालं तेवढं पुरे, आता थांबेल माझी पोर, असं स्वतःला बजावत ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने चिमटा पुन्हा उगारला. थेंब तीन पडले होते, आणि मोजायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.