शेवयांचं सूत

अगं पोरी, अशी जवळ सरक. उंबऱ्यावर बसून आजीची गोष्ट ऐकतात का? आन अर्ध्यातच खिदळायला लागलीस. पुरी होऊ तर दे बाई.

धनगर जावई सासुरवाडीला गेला. बाजेवर घातलेल्या ओल्या शेवया त्याला लोकरच वाटल्या. काढली टकळी आन बसला सूत कातत. इथंच समदे हसतात.

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती सिल्लोडकडच्या एका रानात. आमची मेंढरं तिथं खतासाठी बसवली होती. दिवस मावळला की रानाच्या मालकाच्या घरची माणसं शेकोटीपाशी यायची. मालक गोष्ट सांगत होता, पण नजर माझ्या बापाच्या हाताकडं. त्या हातात तेव्हाही टकळी फिरत होती.

"तुमचाच कुणी भाऊबंद असंल, पावणं," मालक म्हणाला.

"असंल की," बाप म्हणाला, आन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.

बाप मला लई मोठा वाटायचा. नुसत्या आवाजावरून कोकराची आई सांगायचा. त्या शेकोटीपाशी तो एकदम लहान झाला. मी त्याच्याजवळ जेवायला बसलेच नाय.

दुसऱ्या सांजेला मालकाची म्हातारी म्हणाली, "ती शेवयांची सांग रं पुन्हा."

मालकाच्या आधी बापच बोलला, "मी सांगतो. तुमची अर्धीच हाय."

मग हळूहळू सांगू लागला. सासू आली, तिनं पाहिलं, पण ती हसली नाय. थोडं सूत दुधात शिजवून तिनं जावयाला पोटभर वाढलं. उरल्या सुताचं टोक धरून जावई घराकडं निघाला. माळावरून, नदीवरून सूत उलगडत गेलं. त्याच्या मागं मेंढरं, मेंढरांच्या मागं चांदणं.

बापाची टकळी फिरत होती, आन मला वाटलं, ते सूत हिच्यातूनच निघतंय. कुणी हसलं नाय. म्हातारी एवढंच म्हणाली, "मग रं बाबा?"

मी सरकत सरकत बापाच्या मांडीला टेकले. तिथंच डोळा लागला. पुढचं त्यानं सांगितलं का मला सपनात दिसलं, आता काय सांगू. पण पुढचं मला ठाव हाय. इथं संभाजीनगरात गच्चीवर शेवया वाऱ्यानं हलल्या की ते सूत अजून माळावरून चाललेलं दिसतं.

गाडीची वेळ झाली म्हणतीस, व्हय? जा मग. पण उरलेली गोष्ट फोनवर सांगायची नाय मी. शेवया वाळल्यात यंदाच्या. लवकर ये, आन बसायला ये.