सोळा कॅमेरे आणि एक तोंडी होकार

प्रज्ञा जळगावच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवायची. आई द्रौपदाबाई धुळ्यात. प्रज्ञानं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या कॅमेऱ्याचा, राउटरचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच आहे, तेवढं तो सांगायचा. कोड तिनं इंटरनेटवर खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. वर स्वतःचं नाव आणि फोन नंबर.

धुळ्यात क्लास चालवणारे सोनगिरे सर तिला म्हणाले, "आमचेही कॅमेरे बघून दे एकदा." तिनं बघितले. सोळाच्या सोळा उघडे. दोन पानांचा अहवाल छापून तिनं क्लासचं कार्यालय सांभाळणाऱ्या लताबाईंच्या हातात दिला. सरांनी एकही पासवर्ड बदलला नाही.

चार महिन्यांनी क्लासमधल्या मुलींचं चित्रण गावभर मोबाइलवर फिरलं. पालक दारात ठाण मांडून बसले, तेव्हा सरांनी सरळ प्रज्ञाचं नाव घेतलं.

पोलीस ठाण्यात साहेबांनी तिच्या कोडची छापील पानं टेबलावर आपटली. "घरफोडीची हत्यारं फुकट वाटता, आणि वर नंबरही देता?"

"साहेब, दार उघडं आहे का एवढंच हे बघतं."

"बघायला परवानगी होती?"

"सरांनीच सांगितलं होतं."

"लेखी?"

ती सरांकडे वळली. शेजारच्या खुर्चीत बसलेले सोनगिरे सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी असं काही बोललोच नव्हतो."

"विनापरवानगी शिरणं हा गुन्हा, आणि दुसऱ्याला शिरायला मदत करणं हाही," साहेब म्हणाले. लॅपटॉप, फोन, सगळं जप्त झालं. तंत्रनिकेतनानं चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हणून कळवलं. वकिलाच्या सांगण्यावरून प्रज्ञानं सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवरचा कोडही काढून टाकला. तो काढताना तिला जेवढी चीड आली तेवढी ठाण्यातही आली नव्हती. चोर तो कोड कुठूनही मिळवतील. ज्यांना आपलंच दार तपासायचं होतं, तेवढेच अडले.

"तू चोरी करी का?" धुळ्याच्या घरी आईनं अहिराणीत विचारलं.

"नाही."

"मंग घाबरस कसाले? बठ्ठा गाव बोलस, बोलू दे."

आठव्या दिवशी लताबाई स्वतःहून ठाण्यात गेल्या. अहवाल सरांनी आपल्यासमोर वाचला, आणि "तिला मीच बोलावलं होतं, पण आता एवढी घाई नाही," असं म्हणून कपाटात टाकला, हे त्यांनी जबाबात सांगितलं. अहवालही नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी सरांनी त्यांना कामावरून काढलं.

प्रज्ञाचं नाव गुन्ह्यातून वगळायला अकरा महिने लागले. चित्रण कुणी पसरवलं ते कळलंच नाही. तंत्रनिकेतनात तिच्या जागी दुसरं कुणी आलं होतं.

लॅपटॉप हातात आला त्याच दुपारी तिनं कोड पुन्हा खुला केला. नाव तेच, नंबर तोच. वकील फोनवर ओरडले. तिनं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बाजारात सोनगिरे सर समोर आले. "झालं गेलं सोडून दे, प्रज्ञा. नवे कॅमेरे बसवलेत. जरा नजर टाकशील?"

"लताबाईंना परत घेतलं का?"

सर हसले. "तो वेगळा विषय आहे."

"मग तुमचे कॅमेरे उघडेच राहू द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या बाजूनं पुढे गेली.