खुणेची फुलं

बाबीनचं पहिलं पोर जन्मलं आणि पाद्री यायच्या आतच गेलं. झालं! बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला चर्चच्या आवारात जागा नाही, असा तेव्हाचा नियम. आग लागो असल्या नियमाला! नवरा कोलमन दिवस कलताना लेकराची पेटी काखेत मारून एकटाच समुद्राकडच्या पडीक माळावर गेला. अशी लेकरं तिथंच पुरत. वर दगड नाही, नाव नाही.

बाबीननं हट्ट धरला तेव्हा त्यानं तिला जागा दाखवली. एकदाच. नंतर विषय निघाला की उठून गाईंकडे जायचा. जागेवर प्रिमरोझ उगवली होती, फिकट पिवळी.

"रानफुलांची कसली खूण? ती काय, माळभर आहेत," म्हणत तिनं ती उपटली आणि माहेरच्या परसातले नारिंगी फुलांचे कंद आणून लावले. तसलं फूल माळावर दुसरं नव्हतं.

तिथं जाऊन बसायची चोरी, लोक बोलायचे. बाबीन दर उन्हाळ्यात रस्त्यावरूनच बघायची. कुंपणाच्या दगडी भिंतीवरून नारिंगी डोकावलं की मनात म्हणायची, "फिंटन, यंदा चांगलं बाळसं धरलंयस रे!" हे नावही तिनं मनातच ठेवलेलं.

कोलमन गेला. नवा पाद्री भला निघाला, म्हणाला, "लावा दगड." लेक नुआलानं आईनं आता कुठं सांगितलेलं भावाचं नाव कोरून घेतलं, दगड गाडीत घातला.

"आई, दगड जड की तू, कळेना बाई," फाटकाशी उतरवताना ती म्हणाली.

बाबीन हसत आत शिरली आणि मटकन खालीच बसली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळा माळ नारिंगी. कंद जमिनीखालून पसरत गेले होते. एक प्रिमरोझ उरली नव्हती.

"कुठं गं आई?"

बाबीन फुलं बाजूला सारत फिरली. इथं हात टेकला, तिथं टेकला. "माझ्या हातानंच हरवलं गं मी त्याला."

"अगं, लावू कुठंही. देवाला कळतंच की."

"देवाला कळतं, मला नाही ना!" बाबीन कडाडली. "आणि दुसरीच्या लेकरावर माझ्याचं नाव? तिनं माझं काय घोडं मारलंय?"

मायलेकींनी दगड परत गाडीत चढवला. बाबीन मागंच बसली, त्याच्याशेजारी. घर येईपर्यंत ती त्या कोरलेल्या नावावरून हात फिरवत राहिली.