अण्णाचे इंजेक्टर

पौष, बुधवार.

अण्णाने स्वतःच्या हाताने केलेलं शेवटचं काम उद्या आम्ही काढून टाकणार आहोत.

इतके महिने इथे ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा. लिहायला घेतलं की त्याचं नाव यायचं आणि मी फोन उपडा ठेवून द्यायची.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या खटकचिंचोळी गावचा. स्वतःच्या ट्रकचा मालक, ड्रायव्हर आणि त्याच्या मते इंजिनिअरसुद्धा.

तिथीने काल वर्ष झालं.

नीट चालणारं इंजिन त्याला बघवत नसे.

"अण्णा, चांगलं चालतंय की. कामून उघडायलास?"

"चालतंय म्हणून तर उघडायलोय. बंद पडल्यावर कुनीबी उघडतंय."

हैदराबादच्या भंगारातून त्याने एक सुपरचार्जर आणला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि आत जास्तीची हवा कोंबतो. गाव त्याला टर्बो म्हणायचं. हा प्रत्येकाला थांबवून "टर्बो न्हाई, सुपरचार्जर" असं सुधारायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा.

हवा वाढली. मग डिझेलही वाढलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं.

"ताट मोठं केलं अन् भाकर तेवढीच, असं कसं चालंल?"

म्हणून जुने इंजेक्टर काढून जास्त डिझेल सोडणारे नवे बसवले.

आमच्याकडच्या ट्रकवाल्यांत एक रीत आहे. इंजिन उघडलं की पहिली फेरी गाणगापूरला, आणि तीही रिकाम्या गाडीने. दत्ताला दाखवल्याशिवाय माल चढवायचा नाही.

अण्णा जाऊन आला. फोनवर अक्षरशः ओरडला, "लोण्यावानी चाललंय गं शालू!"

त्याच आठवड्यात तो दुपारचं जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक.

ते एक वाक्य धरून मी वर्ष काढलं. निदान खूश होऊन गेला, असं सगळ्यांना सांगत राहिले.

गाडी विका म्हणणारे पुष्कळ भेटले. वैनीने ऐकलं नाही. घर चालवायला तिच्याकडे आता ही गाडीच आहे. इंजिन बसलं तर सगळंच बसलं.

वर्षश्राद्धापर्यंत माल चढवायचा नाही, असं घरात ठरलं होतं; तोवर साठवलेल्यावर भागवलं. आज चढवला. गावची तूर, कलबुर्गीच्या डाळ मिलसाठी. स्टिअरिंगवर अण्णाचा जुना दोस्त मस्तानभाई, शेजारी वैनी, खिडकीशी मी. मी कलबुर्गीतच राहते, श्राद्धाला आले होते, म्हणून परतीला त्याच गाडीत बसले.

खरं तर म्हणून नाही. अण्णाचं इंजिन भरल्या गाडीत कसं आवाज करतं, ते मला ऐकायचं होतं.

हुमनाबादपर्यंत छान.

पुढच्या चढाला आरशात बघितलं, तर मागचा रस्ताच दिसेना. नुसता काळा धूर. टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकलेला.

"भाभी, इंजन गरम होरा. रोकतूँ मैं."

गाडी कडेला घेतली. मस्तानभाईने बॉनेट उघडलं. मग म्हणाला, "खाली गाडी में मालूमइच नै हुआ."

तेच. रिकामी गाडी जास्त डिझेल मागतच नाही. ओझं आणि चढ एकत्र आले, की जास्तीचं डिझेल पुरतं न जळता धूर होतो, इंजिन तापतं, तेव्हा खरं कळतं. अण्णाने भक्तिभावाने रिकामी नेली, रिकामी आणली, आणि पास झालो म्हणून फोन केला.

सीटखालून वैनीने एक स्टीलचा डबा ओढून काढला. आत जुने इंजेक्टर, फडक्यात गुंडाळलेले, तेल लावलेले.

मी बघतच राहिले. "वैनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण त्यांनी काढून टाकलेलं पुन्हा कवा लागंल, सांगता येत न्हाई. लग्न झाल्यापासून हेच बघायलेय."

इंजिन निवल्यावर रांगत रांगत कलबुर्गी गाठली. तूर उतरवली. तसेच इंजिनाचे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या दुकानात गेलो. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "अण्णाचा अंदाज बरोबर हाय. गाडी भरून बघायचं, डिझेल किती सोडायचं ते सेट करायचं राहून गेलं."

मला केवढं बरं वाटलं!

आणि लगेच शंका. ते खरं आहे म्हणून बरं वाटलं, की मला तसंच ऐकायचं होतं म्हणून? मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या बहिणीसमोर कोण वाईट बोलेल?

तरी मी म्हणालेच, "वैनी, मग सेटच करून बघू या. थोडं डिझेल कमी केलं, की..."

"अन् पुन्हा चढावर तापली तर?"

"तर परत सेट करू."

वैनीने माझ्याकडे नीट बघितलं.

"ताई, तुम्ही इंजिन वाचवायलाव का भावाला?"

मग तीच मिस्त्रीला म्हणाली, "जुने बसवा. ते हवेचं ऱ्हाऊ द्या. हवा त्यांची, डिझेल माझ्या हिशोबानं."

मस्तानभाई चाचरत बोलला, "फिर इंजन खोले तो खाली गाणगापूर जाना पडता, भाभी."

"जाऊ की. भरून जाऊ. दत्त म्हाराजालाबी बघू दे गाडी काय वढतीय ते."

मिस्त्रीसकट सगळे हसले. मी पण.

आता घरी बसून हे लिहितेय आणि स्वस्थ बसवत नाही. अण्णाला हे कळायला हवं होतं का? कळलं असतं तर तो खट्टू झाला नसता, हे मला पक्कं माहीत आहे. बाह्या सरसावून पुन्हा उघडलं असतं. त्याला आनंद व्हायचा तो उघडण्याचाच. म्हणजे "खूश होऊन गेला" ही माझी समजूत होती. तो अर्ध्या कामातून गेला.

हे जास्त खरं वाटतं. आणि जास्त लागतं.

अण्णा, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

उद्याचं काम एकच: दुकानात वैनीशेजारी उभं राहायचं आणि मधे बोलायचं नाही.