पंधरा अंशांची हवा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. कारण मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

परत येताना माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. शहराच्या छावणी भागातलं एखादं गॅरेज, जमिनीवर तेलाची थारोळी, आणि हातोड्यानं इंजिन ठोकणारी चार भली पण अडाणी माणसं. मी जाणार, त्यांना शास्त्र शिकवणार, आणि बघता बघता आमच्या शहरातले मेकॅनिक जगात कुठंही ताठ मानेनं उभे राहणार. जर्मनीत पाच वर्षं मी इंजिनंच शिकले होते. विद्यापीठाच्या रेसिंग टीममध्ये टर्बोचं सगळं काम माझ्याकडं असायचं. विमानातच मी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम लिहून काढला आणि घरी आल्यावर त्याच्या पन्नास प्रती छापून घेतल्या. आई म्हणाली, "आधी दोन दिवस झोप तरी." पण देश घडवायचा असताना झोपतं कोण?

आणि सापडलं काय? बशीर उस्तादांचं गॅरेज. तेलाचं थारोळं सोडा, जमिनीवर बसून जेवावं अशी फरशी. पाने आकारानुसार टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागं भिंतीवर त्याची रंगवलेली सावली, म्हणजे एखादा जागेवर नसला की लांबूनच कळावं. मधोमध एक लाल, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार. ती वैजापूरच्या सोपानदादांची. सोपानदादा कांद्याचे व्यापारी. ती गाडी त्यांनी मुंबईहून बंद पडलेली घेतली होती. इंजिन सुटं करून आलं ते तीन गोण्यांत, कांद्याच्याच.

त्या तीन गोण्यांचं उस्तादांनी आठ महिन्यांत पुन्हा इंजिन केलं होतं. मी बरोबर आणलेल्या डिजिटल मापकानं त्यांचं काम तपासायला बसले. हो, तपासायला. पहिल्याच दिवशी, न विचारता. केसाच्या जाडीच्याही खाली मापं जातात अशा ठिकाणी मी चार वेळा माप घेतलं. चारही वेळा पुस्तकातला आकडा आला. साठीचे उस्ताद शेजारी उभे होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं जोडलेली होती.

"मशीन ठीक है ना बेटी तुझी?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"नाही, तू सारखी सारखी मोजतेय म्हणून."

एवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ काळी किटली घेऊन आले आणि सगळ्यांना चहा दिला. माझं हृदय भरून आलं. मी त्यांना शेजारी बसवलं आणि समजावलं की शिकायला वयाची अट नसते, चहा देण्यातच आयुष्य काढायला नको, माझ्या वर्गात पहिली जागा तुमची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय ताई," ते म्हणाले. "बघू."

ते भीमराव काका. आसपासच्या तीन जिल्ह्यांतून लोक गाडी रंगवायला त्यांच्याकडं येतात. ज्या लाल बॉनेटमध्ये बघून मी थोड्या वेळापूर्वी केस सारखे केले होते, तो आरसा त्यांनीच घडवला होता.

मग ते किटली घेऊन का फिरत होते? तर तिथली ती रीत. इंजिन बांधून झालं की ते मशीनवर मोजायच्या आधी गॅरेजमधल्या प्रत्येकानं त्याचे घोडे किती, म्हणजे हॉर्सपॉवर किती, ते खडूनं शटरवर लिहायचं. ज्याचा आकडा सगळ्यांत लांब, त्याच्या हाती पुढचं इंजिन होईस्तोवर किटली. आणि ज्याचा सगळ्यांत जवळ, त्याचा शब्द तोवर गॅरेजात चालणार. मागच्या जीपगाडीला काका चुकले होते.

"लई चुकलो नव्हतो," काका म्हणाले. "अकराच घोडे."

मी उस्तादांना माझा अभ्यासक्रम दिला. त्यांची मागची शेड रिकामी होती, तीच मला वर्गासाठी हवी होती. त्यांनी बाराही पानं उलटली. मागची बाजू कोरी आहे हेही बघितलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पर शेड कुणाला द्यायची, ते मी नाही ठरवत. इंजिन ठरवतं. लिही तू पण आकडा. जवळ आलीस तर शेड तुझी, आम्ही सगळे वहीपेन घेऊन बसतो समोर."

"आणि नाही आले तर?"

काकांनी किटली माझ्यासमोर ठेवली. तिचा दांडा गरम होता.

मला खरं तर वाईटच वाटलं. त्यांच्यासाठी हो, माझ्यासाठी नाही. माझ्याकडं लॅपटॉपवरची माझी हिशोबाची शीट होती. रेसिंग टीममध्ये तीन वर्षं घासूनपुसून तयार केलेली. इंजिनाची मापं भरा, टर्बोचा दाब भरा, खाली चाकांवर मिळणारी ताकद येते. तिकडं माझा अंदाज कधीही तीन घोड्यांच्या वर चुकला नव्हता.

टर्बो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा असतो आणि तो इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबतो. हवा जितकी दाट, तितकी ताकद. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. मी ते परीक्षेत दोनदा लिहिलंय.

उस्तादांची पद्धत मी मन लावून पाहिली. त्यांनी गाडी सुरू केली, लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावलं, आणि डोळे मिटून उभे राहिले. इंजिनाचा आवाज असा की पोटात कुणीतरी तंबोरा लावतंय. मग त्यांनी हवा ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तळहात धरला. मग गाडी बंद करून बाहेर गेले आणि आकाशाकडं बघून परत आले.

"मोजायचं कधी?" त्यांनी विचारलं. "सकाळी का दुपारी?"

आता मात्र मला हसू आवरेना. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "उस्ताद, इंजिनाला घड्याळ कळत नाही. ताकद आहे तेवढीच असते."

गाडी बघायला सोपानदादा आले होते. सोपानदादांनी माझ्याकडं बघितलं, मग उस्तादांकडं. उस्ताद फक्त म्हणाले, "अच्छा." आणि वहीत काहीतरी टिपल्यासारखी मान हलवली.

वाळूजला एका वर्कशॉपात गाडीची चाकं रोलरवर चढवून ताकद मोजायची मशीन आहे. तिथं दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ मिळाली. ते कळल्यावर उस्तादांनी शटरवर लिहिलं, दोनशे सत्तर. काकांनी लिहिलं दोनशे ऐंशी. सोपानदादा म्हणाले, "तीनशेच्या खाली लिहायला माझा हात धजत नाय, पैसे माझे गेलेत." आणि त्यांनी तीनशे लिहिलं.

मी लिहिलं, तीनशे अठरा. वर खडूनं ठळक गिरवलं. खाली रेघही ओढली.

"बेटी," उस्ताद म्हणाले, "एक बार फिर सोच."

"सोचलंय."

"आकडा पुसायला फडकं हाये," काका म्हणाले.

"नको काका. आणि तुम्ही किटलीची फार सवय लावून घेऊ नका, उद्यापासून वर्गात बसायचंय."

मे महिन्यातली ती दुपार. गाडीचं दार उघडायला मी ओढणी हाताला गुंडाळली होती. वर्कशॉपच्या पत्र्याखाली आम्ही पाच माणसं भट्टीतल्या पावांसारखी उभी होतो. मशीनवाल्यानं विचारलं, "हवामानाचं करेक्शन लावू? नेहमीचं?" म्हणजे तिथं एक बटण असतं. ते दाबलं की मशीन आकडा सुधारून कुठल्यातरी ठरावीक हवेतला करून देते.

"नक्को," उस्ताद म्हणाले. "गाडी हिथल्या हवेत पळणार. आकडा दुसरीकडचा कशाला?"

मशीनवाला माझ्याकडं वळला. मॅडम शिकलेल्या आहेत हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"राहू द्या," मी ऐटीत म्हणाले. "माझ्या आकड्याला सुधारणा लागत नाही."

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं, साक्षीदारांसमोर बोललेय. लपवून काय उपयोग.

सोपानदादा स्वतः बसले. तिसरा गिअर, चौथा गिअर. आणि मग त्यांनी पाय पूर्ण दाबला. काय सांगू, कांद्याच्या तीन गोण्यांतून आलेली ती वस्तू अशी ओरडली की पत्रे थरथरले. टर्बोची शीळ वर चढत गेली, चढतच गेली. माझ्या अंगावर काटा आला, त्या भट्टीतसुद्धा. पाच वर्षांत मी शंभर इंजिनं ऐकली असतील. इतकं स्वच्छ एकही नाही. एक खरखर नाही, एक अडखळ नाही. मी क्षणभर आकडा विसरले.

मग पडद्यावर तो आला. दोनशे एकाहत्तर.

"मशीन बिघडलीय," मी म्हणाले.

मशीनवाल्यानं पुन्हा मोजलं. दोनशे एकाहत्तर.

"टायर घसरतायत."

त्यानं पट्टे आवळले. दोनशे सत्तर.

"बघा, आता तर अजून कमी झाले," मी म्हणाले, जणू त्यानं माझं म्हणणं सिद्ध होत होतं. मी तिथंच लॅपटॉप उघडला. सगळ्यांना गोळा केलं. एकेक रकाना दाखवत निघाले: ही सिलिंडरची मापं, उस्तादांनी दिली तीच. हा टर्बोचा दाब, तुमच्यासमोर वाचलेला. सांगा, यात चूक कुठंय?

भीमराव काकांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि वाकून बघितलं. रंगाच्या माणसाची नजर. एका ठिपक्यावर थांबली.

"ताई, ह्यो पंधरा कशाचा?"

"ते तापमान. पंधरा अंश."

"कुठलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकांच्या नाकावरून घामाचा एक थेंब निघाला आणि माझ्या कीबोर्डवर पडला. नेमका त्याच वेळी. सगळ्यांनी एकदा पत्र्याकडं पाहिलं.

"आणि त्याच्याखाली शून्य हाये, तो?"

"उंची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आला. "समुद्रापासूनची."

"समुद्र कुठंय हिथं?" सोपानदादांनी अगदी मनापासून विचारलं.

ते दोन रकाने मी तीन वर्षांपूर्वी भरले होते आणि चुकून बदलू नयेत म्हणून कुलूप लावून ठेवले होते. मी त्यांत बेचाळीस अंश भरले. आपल्या शहराची पठारावरची उंची भरली. तापलेली, पातळ हवा. खाली आकडा आला, दोनशे एकोणसत्तर.

म्हणजे शीट बरोबर होती. इंजिन बरोबर होतं. उस्ताद बरोबर होते. ज्या गावात मी लहानाची मोठी झाले, जिथं मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, तिथं मी पंधरा अंशांची हवा बरोबर घेऊन आले होते.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी उस्तादांना विचारलं. "हाताला? कानाला?"

"कान तो इंजिनाची तबियत सांगतो," ते म्हणाले. "आकडा कानात कुठं असतो?" आणि त्यांनी गाडीतून एक पिशवी आणली. पिशवीत वह्या. जाड पुठ्ठ्याच्या, कोपरे काळे पडलेल्या. उर्दूत लिहिलेलं प्रत्येक इंजिन, एकेका ओळीत. मला वाचता येईना, तेव्हा त्यांनीच बोट ठेवून सांगितलं: हे इंजिन, हा महिना, ही वेळ, हवा कोरडी का ओली, हे घोडे. तेच इंजिन सकाळी मोजलं तर इतके. त्याच्याखाली, परत दुपारी. तीस उन्हाळे होते त्या पिशवीत.

ज्याला मी अंदाज समजत होते तो तक्ता होता. माझ्या शीटपेक्षा मोठा, आणि कुठल्याही रकान्याला कुलूप नसलेला.

"मग सकाळी मोजलं असतं तर?" मी विचारलं.

"दोनशे नव्वद लिहिलं असतं."

परत येताना गाडीत मी मागं बसले होते. काका पुढं बसले होते. छावणी आल्यावर त्यांनी मागं वळून म्हटलं, "ताई, शिकायला वयाची अट नसती." मीच त्यांना ऐकवलेलं वाक्य, शब्दही न बदलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शटरसमोर होते. रात्री अंथरुणात न येण्याची कुठली कुठली कारणं जुळवून ठेवली होती, नोकरीची, पुण्याची. ती सगळी घरीच ठेवून आले. पिशवीत अभ्यासक्रमाच्या पन्नास प्रती होत्या. उस्तादांना म्हणाले, "यांची मागची बाजू कोरी आहे. तुम्ही वाचायचं, मी उतरवून घ्यायचं. सगळ्या वह्या. शेडचं नंतर बघू."

त्यांनी एक प्रत उलटी करून कागद बोटांनी चाचपला. "कागद चांगला आणलास," म्हणाले.

मग मी शटरवरचा माझा तीनशे अठरा तसाच ठेवून आत गेले आणि खुंटीवरची काळी किटली उतरवली. भीमराव काका रंगाचा डबा ढवळता ढवळता बघत होते. पातेल्यात पाणी घातलं, चहापत्ती घातली, आणि साखरेच्या डब्यापाशी हात थांबला.

"साखर किती घालू?" मी विचारलं.

"अंदाजानं टाक की," काका म्हणाले.

मी दाराबाहेर डोकावून आधी आकाशाकडं बघितलं, आणि मगच डब्यात चमचा घातला.